धनत्रयोदशीला बिल नंबर ३२,७६७ वर दुकान अडलं : आकड्यांचा डेटा टाइप कसा निवडायचा?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एक्सेलमध्ये बिलिंग शीट कशी बनवायची ते बघितलं. त्यात एका जागी मी घाईत म्हणून गेलो, "इथे इंटिजर नको, लाँग टाका." का नको, ते सांगायला व्हिडिओत वेळ नव्हता. ते आज इथे सांगतो. विषय प्रोग्रामिंगचा आहे, पण घाबरू नका. मीसुद्धा बीबीए केलेला दुकानदार आहे, इंजिनियर नाही. हा धडा मी पुस्तकातून नाही, गल्ल्यावर बसून शिकलो.

आमचं किराणा आणि ड्रायफ्रूटचं दुकान. बाबांच्या काळात सगळं बिलबुकावर चालायचं. मी धंद्यात आल्यावर एका पाडव्याला हट्टाने कॉम्प्युटर बसवला. महागडं सॉफ्टवेअर परवडणारं नव्हतं, म्हणून पुण्यातल्या मामेभावाने एक्सेलमध्ये मॅक्रो लिहून दिला. बटण दाबलं की नवा बिल नंबर, आयटम भरले की प्रिंट. झकास चाललं होतं.

रोज सरासरी ३५ बिलं. वर्षाचे धरा ३१० दिवस. म्हणजे वर्षाला १०,८५० बिलं आणि तीन वर्षांत ३२,५५०. हे गणित तेव्हा मी केलं नव्हतं. केलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

तिसऱ्या वर्षी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, बटण दाबलं आणि स्क्रीनवर चौकोन आला : रन-टाइम एरर ६, ओव्हरफ्लो. बंद केलं, परत दाबलं, परत तेच. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, तरी तेच. शेवटचं छापलेलं बिल होतं ३२,७६७.

भाऊ फोन उचलेना. समोर गिऱ्हाईक काजू-बदामाची पाकिटं हातात घेऊन उभं. दोन जण "राहू द्या, नंतर येतो" म्हणून गेले. धनत्रयोदशीला "नंतर" म्हणजे शेजारचं दुकान, हे तुम्हाला सांगायला नको. शेवटी बाबांनी कपाटातून जुनं बिलबुक काढलं, कार्बन घातला आणि काहीही न बोलता लिहायला बसले. चाळीस मिनिटांनी भावाचा फोन आला. त्याने मॅक्रोतला एक शब्द बदलायला सांगितला. इंटिजर काढ, लाँग लिही. बदललं आणि बिल नंबर ३२,७६८ छापून बाहेर आलं.

एका शब्दाने दिवाळीचा हंगाम अडवला होता. तो शब्द म्हणजेच डेटा टाइप.

आधी काटा समजून घ्या

डेटा टाइप समजायला आपल्याच दुकानातली एक वस्तू बघा : वजनकाटा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मॅक्स ३० किलो, मिन १०० ग्रॅम, ई = ५ ग्रॅम. म्हणजे ३० किलोच्या वर हा काटा चालणार नाही, १०० ग्रॅमच्या खाली भरवसा नाही, आणि मधलं वजन तो ५-५ ग्रॅमच्या पायरीने दाखवणार. त्या काट्यावर कोणी कांद्याचं पोतं ठेवत नाही आणि कोणी सोनंही तोलत नाही. सोनाराचा काटा वेगळा, आडतीवरचा वेगळा.

कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक आकडा असाच एका काट्यावर ठेवलेला असतो. त्या काट्याला तीन मर्यादा असतात. सगळ्यात लहान आकडा कोणता मावतो, सगळ्यात मोठा कोणता, आणि मधली पायरी किती बारीक. डेटा टाइप निवडणं म्हणजे काटा निवडणं. एवढं कळलं की अर्धा विषय कळला.

आता माझ्या काट्यावर ३२,७६७ च का? कॉम्प्युटर आकडे ० आणि १ अशा खुणांनी लिहितो. अशी एक खूण म्हणजे एक बिट. एक्सेलच्या मॅक्रोची भाषा म्हणजे व्हीबीए. तिच्यातला इंटिजर १६ बिटांचा असतो. १६ बिटांच्या एकूण ६५,५३६ वेगवेगळ्या जुळण्या होतात. त्यातल्या निम्म्या वजा आकड्यांना दिल्या आहेत. म्हणून मर्यादा आली वजा ३२,७६८ ते अधिक ३२,७६७. माझं बिल कधीच वजा नव्हतं, तरी अर्धा काटा त्यासाठी अडवून ठेवलेला होता.

नेहमी लागणारे काटे असे :

• ८ बिट : ० ते २५५. व्हीबीएमध्ये याला बाइट म्हणतात.
• १६ बिट : वजा ३२,७६८ ते ३२,७६७. व्हीबीएमध्ये इंटिजर, मायएसक्यूएलमध्ये स्मॉलइंट.
• ३२ बिट : साधारण वजा २१४ कोटी ते अधिक २१४ कोटी. नेमका वरचा आकडा २,१४,७४,८३,६४७. व्हीबीएमध्ये लाँग. मायएसक्यूएल, जावा आणि सी शार्पमध्ये यालाच इंट म्हणतात.
• ६४ बिट : १९ अंकी आकड्यापर्यंत. मायएसक्यूएलमध्ये बिगइंट.

इथे एक फसवणूक लक्षात घ्या. नाव सारखं असलं तरी काटा सारखा असेलच असं नाही. व्हीबीएचा इंटिजर १६ बिटांचा, पण मायएसक्यूएलमध्ये इंटिजर लिहिलं तर तो ३२ बिटांचा. पायथॉनमध्ये पूर्णांकाला अशी ठरलेली मर्यादाच नाही. म्हणून डेव्हलपरला "इंटिजर ठेवलाय का?" असं विचारू नका. विचारा, "यात जास्तीत जास्त किती आकडा मावतो?"

मोठ्यांचंही असंच होतं

"आपण लहान माणसं, आपल्याला कोण कोटीचा आकडा लागतो" असं वाटत असेल तर दोन गोष्टी ऐका.

यूट्यूबचा व्ह्यूजचा काउंटर आधी ३२ बिटांचा होता. एखादा व्हिडिओ २१४ कोटींच्या पुढे जाईल असं वाटलंच नव्हतं. मग कोरियाच्या 'गंगनम स्टाइल' या गाण्याने तो आकडा गाठला. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबने सांगितलं की त्यासाठी काउंटर ६४ बिटांचा करावा लागला.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेकडून कोरोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून सुटले. कारण काय? प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये घेतली जात होती. त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. हा आकडा ओळखीचा वाटला ना? तोच, १६ बिटांचा. पुढच्या ओळी गळून पडल्या आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला.

माझ्या मॅक्रोने निदान एरर तरी दाखवली. तिथे तर काम चालूच राहिलं आणि माहिती गायब झाली. धंद्यात थांबणाऱ्या चुकीपेक्षा गुपचूप चालत राहणारी चूक जास्त महाग पडते.

पैशासाठी कोणता काटा?

आता काट्याची तिसरी मर्यादा घेऊ, ती म्हणजे पायरी. दशांशाचे आकडे ठेवायला बहुतेक भाषांत फ्लोट किंवा डबल नावाचा टाइप असतो. त्याची झेप प्रचंड, पण तो दशांश आकडे अगदी नेमके धरेलच असं नाही. आपण एकाचे तीन भाग केले की ०.३३३३ लिहीत बसतो, संपतच नाही. तसंच कॉम्प्युटरला त्याच्या दोनच खुणांत ०.१ हा आकडा पूर्ण लिहिता येत नाही. तो अगदी जवळचा आकडा धरतो.

खरं वाटत नसेल तर करून बघा. एक्सेलच्या रिकाम्या सेलमध्ये बरोबरचं चिन्ह, मग एक गुणिले, आणि कंसात ०.५ वजा ०.४ वजा ०.१ लिहा. उत्तर शून्य यायला हवं. येतो एक अतिशय बारीक वजा आकडा. एका बिलात हा फरक दिसत नाही. पण शेकडो बिलांची बेरीज करून "येणे बाकी शून्य आहे का?" असं विचारलं की कॉम्प्युटर "नाही" म्हणतो. मग संध्याकाळी हिशोब जुळवत बसायची वेळ येते.

उपाय दोन. पहिला म्हणजे पैशासाठी बनवलेला टाइप वापरा. व्हीबीएमध्ये करन्सी आहे, तो दशांशानंतर चार अंक नेमके ठेवतो. मायएसक्यूएलमध्ये डेसिमल आहे. डेसिमल १०, २ असं लिहिलं तर एकूण १० अंक, त्यातले २ दशांशानंतर. म्हणजे ९ कोटी ९९ लाख ९९ हजार ९९९ रुपये ९९ पैशांपर्यंत मावतं. दुसरा उपाय आपल्या आजोबांच्या पद्धतीचा : सगळं पैशात ठेवा. ४५ रुपये ५० पैसे म्हणजे ४,५५० पैसे. पूर्णांक असल्यामुळे घोळच नाही. छापताना फक्त शंभराने भागा.

आकडा दिसतो, पण आकडा नसतो

माझ्या वर्गात मी नेहमी एक प्रश्न विचारतो. दोन मोबाइल नंबरांची बेरीज केली तर काय मिळेल? सगळे हसतात. पण त्याच लोकांच्या शीटमध्ये मोबाइल नंबर आकडा म्हणून भरलेला असतो.

ज्याची बेरीज-वजाबाकी करून काही अर्थ निघत नाही, तो आकडा नाही, ते नाव आहे. ते टेक्स्ट म्हणूनच ठेवा. नाहीतर काय होतं बघा :

• एचएसएन कोड : चहाचा कोड ०९०२. आकडा म्हणून भरला की पुढचं शून्य उडतं आणि राहतं ९०२. डाळींचा ०७१३ चा होतो ७१३.
• बारकोड : पाकिटांवरचा बारकोड साधारण १३ अंकी. एक्सेल तो अर्धवट आकडा आणि पुढे ई अधिक १२ असा आखडून दाखवतं.
• बँक खातं आणि कार्ड नंबर : एक्सेल आकड्याचे १५ अंकच नेमके ठेवतं. १६ अंकी नंबर भरला की शेवटचा अंक शून्य होतो, तेही न सांगता. पैसे पाठवताना ही चूक किती महागात पडेल, विचार करा.
• बिल नंबर : जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिल नंबर १६ अक्षरांपर्यंत असू शकतो. त्यात अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालते. आर्थिक वर्षात तो परत यायला नको. मी आता "२५-२६/००१२३" असा नंबर टेक्स्ट म्हणून ठेवतो. मागे चालणारा काउंटर मात्र लाँग आहे आणि दर १ एप्रिलला तो १ पासून सुरू होतो.

स्लॅबमधली फट

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी जागा. वजनाचे स्लॅब, वयोगट, होलसेलचे टप्पे, म्हणजे "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असलेले आकडे. हे बरेच जण एकाच सेलमध्ये मध्ये रेघ मारून लिहितात.

लहान मुलांच्या कपड्यांचं काम करणाऱ्या एका ताईंनी साइजच्या कॉलममध्ये २-३, ४-५, १०-१२ असे वयोगट भरले. एक्सेलने त्याच्या केल्या तारखा : २ मार्च, ४ मे, १० डिसेंबर! ही खोड इतकी जुनी आहे की २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी माणसाच्या काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं.

दुसऱ्या एक ताई घरून मसाले आणि लोणची पाठवतात. त्यांचा कुरिअरचा तक्ता असा होता. १ ते ५ किलोला ६० रुपये, ६ ते १० किलोला ८५ रुपये. दिसायला बरोबर. पण ५ किलो ४०० ग्रॅमचं पार्सल कुठे बसणार? ते पहिल्या स्लॅबमध्ये नाही आणि दुसऱ्यातही नाही. त्यांच्या फॉर्म्युल्यात "सापडलं नाही तर शून्य" असं लिहिलेलं होतं. त्यामुळे अशा प्रत्येक पार्सलला कुरिअर चार्ज लागला शून्य. तीन महिन्यांनी आम्ही दोघांनी बसून मोजलं. ४१ पार्सलं. गुणिले ८५, म्हणजे ३,४८५ रुपये. घरगुती धंद्यात ही कोणाची तरी महिन्याची किराणा यादी असते. त्या म्हणाल्या, "दादा, मला वाटायचं मीच कुठेतरी जास्त खर्च करतेय."

चूक त्यांच्या खर्चात नव्हती, काट्यात होती. स्लॅब लिहिला पूर्ण किलोंत आणि वजन भरलं दशांशात. पाच आणि सहाच्या मध्ये फट राहिली आणि त्या फटीतून पैसे गळले.

आम्ही तीन गोष्टी बदलल्या. पहिली, सगळी वजनं ग्रॅममध्ये आणली, पूर्णांकात. त्यांच्या काट्याची पायरी ५ ग्रॅमची, त्यामुळे ग्रॅमच्या खाली जायची गरजच नाही. दुसरी, स्लॅबची फक्त सुरुवात लिहिली : १ ग्रॅमपासून ६० रुपये, ५,००१ ग्रॅमपासून ८५ रुपये, आणि १०,००१ पासून वरचा दर. ५,००० आणि ५,००१ च्या मध्ये पूर्णांकच नाही, मग फट राहणार कुठून? शेवट वेगळा लिहायची गरज नाही, कारण पुढच्या स्लॅबची सुरुवात हाच आधीच्याचा शेवट. तिसरी, व्हीलुकअपमध्ये शेवटी ट्रू ठेवलं आणि सुरुवातीचे आकडे चढत्या क्रमाने लावले. मग तो दिलेल्या वजनाइतका किंवा त्याच्या खालचा सगळ्यात जवळचा टप्पा शोधतो.

तुमचा डेव्हलपर डेटाबेसमध्ये काम करत असेल तर त्याला दोन वेगळे कॉलम ठेवायला सांगा, "पासून" आणि "पर्यंत". पोस्टग्रेएसक्यूएल वापरत असेल तर त्यात २०१२ च्या ९.२ आवृत्तीपासून रेंज नावाचा खास टाइप आहे. त्यात टोकाचा आकडा धरायचा की सोडायचा ते स्पष्ट सांगता येतं आणि दोन स्लॅब एकमेकांवर चढू नयेत असा नियमही लावता येतो.

मग सगळीकडे मोठाच काटा का नको?

हा प्रश्न रास्त आहे. काउंटरसाठी खुशाल मोठा घ्या. दुकानाच्या शीटला त्याने काही ओझं होत नाही. पण मोठा काटा घेतला की काम संपलं असं समजू नका.

आमच्याकडे एकदा मुलाने घाईत बारकोड स्कॅन केला तेव्हा कर्सर नगाच्या रकान्यात होता. एका बिस्किटच्या पुड्याचे नग झाले आठ लाख कोटींच्या वर! टाइपमध्ये तो आकडा आरामात मावला, म्हणून एरर आली नाही. मग मी नगावर डेटा व्हॅलिडेशन लावलं : १ ते ५००, त्याच्या बाहेर गेलं तर विचार. टाइपची मर्यादा ही मशीनची मर्यादा. रेंजची मर्यादा ही तुमच्या धंद्याची मर्यादा. ती मशीनला माहीत नसते. ती तुम्हालाच सांगावी लागते.

म्हणून कुठलाही कॉलम बनवण्याआधी हे पाच प्रश्न कागदावर लिहा :

१. याची बेरीज-वजाबाकी करणार आहे का? नसेल तर टेक्स्ट.
२. लहानात लहान किती? शून्य किंवा वजा येऊ शकतं का? परत आलेला माल विसरू नका.
३. मोठ्यात मोठा किती? रोजचा आकडा गुणिले वर्षाचे दिवस गुणिले दहा वर्षं. त्यात मावेल असा टाइप घ्या.
४. पायरी किती बारीक? पैसा, ग्रॅम, मिली? शक्य असेल तर पूर्णांकात आणा.
५. मर्यादा जवळ आली की मला कोण सांगणार?

पाचवा प्रश्न बाबांचा आहे. त्या धनत्रयोदशीला रात्री दुकान बंद करताना ते एवढंच बोलले, "अरे, बँकेच्या चेकबुकातसुद्धा शेवटची पानं जवळ आली की नवीन मागायची स्लिप येते. तुझ्या मशीनला तेवढीही अक्कल नाही?" मला तेव्हा राग आला होता. आज माझ्या शीटमध्ये बिल नंबरने ठरलेल्या मर्यादेचे नव्वद टक्के गाठले की सेल लाल होतो. ती बाबांची स्लिप आहे.

आणि हो, ते जुनं बिलबुक अजून गल्ल्याखालच्या खणात आहे, कार्बनसकट. ते ठेवाच.

आजचा गृहपाठ : तुमची शीट उघडा आणि तीन कॉलम तपासा. बिल नंबर, मोबाइल नंबर आणि ज्यात मध्ये रेघ मारून टप्पे लिहिलेत तो. दिवाळीची वाट बघू नका, आज रात्री हिशोब झाल्यावर दहा मिनिटं काढा. पुढच्या व्हिडिओत स्लॅबचा तक्ता आपण सुरुवातीपासून एकत्र बनवू. भेटू या.